टायकॉन्डेरोगा किल्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑल्बनीत राहतो. उन्हाळ्यात इथल्या मराठी घरांमध्ये आईवडील येतात. नायगरा होतो, न्यूयॉर्क होतं, आणि मग कुणीतरी विचारतंच, "इथे एखादा किल्ला नाही का हो?" आहे. मी त्यांना टायकॉन्डेरोगाला धाडतो. जाण्याआधी आणि आल्यावर तेच ते प्रश्न मेसेजवर येत राहतात, म्हणून एकदाच सगळे इथे लिहून ठेवतोय. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे विषय दुसरीकडे आलाय तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. हा किल्ला आहे कुठे? आणि नाव नीट कसं म्हणायचं?

न्यूयॉर्क राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, शॅम्प्लेन सरोवराच्या काठी. पलीकडच्या काठावर व्हरमाँट राज्य. ऑल्बनीहून गाडीने दोन तासांच्या आत, न्यूयॉर्क शहरातून साडेचार-पाच तास धरा. उच्चार टाय-कॉन-डे-रो-गा. एवढं लांब म्हणायचा कंटाळा आला तर स्थानिक लोक नुसतं 'टाय' म्हणतात. मोहॉक लोकांच्या भाषेतल्या शब्दावरून हे नाव आलं, अर्थ साधारण 'दोन पाणवाटा जुळतात ती जागा'. फ्रेंचांनी बांधला तेव्हा किल्ल्याचं नाव कॅरिलॉन होतं. १७५९ मध्ये इंग्रजांनी घेतल्यावर ते बदललं.

२. एवढ्या रानात किल्ला बांधायचं कारण काय?

पाणी. अठराव्या शतकात या भागात रस्ते जवळजवळ नव्हतेच. सैन्य, दारूगोळा, पिंपं, सगळं होड्यांतून जायचं. नकाशात दक्षिणेकडून वर बघत या: हडसन नदी, थोडी जमीन, जॉर्ज सरोवर, मग शॅम्प्लेन सरोवर, पुढे रिशेल्यू नदी आणि शेवटी सेंट लॉरेन्स. म्हणजे इंग्रजांच्या न्यूयॉर्कपासून फ्रेंचांच्या मॉन्ट्रियलपर्यंत जवळजवळ अखंड पाण्याचा रस्ता. त्यात एक अडचण होती. जॉर्ज सरोवराचं पाणी ला शूट नावाच्या छोट्या नदीतून शॅम्प्लेनमध्ये उतरतं, आणि त्या पाच-सहा किलोमीटरांत ते धबधब्यांवरून सत्तर मीटरच्या आसपास खाली येतं. तिथे होड्या उचलून, सामान पाठीवर घेऊन चालावंच लागे. किल्ला नेमका त्या वाटेच्या तोंडाशी आहे. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी किल्ला असतो, हिशेब तोच.

१७५५ मध्ये मिशेल शार्तिए द लोतबिनिएर या क्यूबेकमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरने काम सुरू केलं. आधी ओकचे चौरस ओंडके रचून मध्ये माती भरली, नंतर बाहेरून दगड चढवला.

३. आम्ही राजगड-तोरणा चढलेली माणसं. हा इतका बुटका आणि चांदणीसारखा का?

कारण तो तोफांशी लढायला बांधलाय. उंच सरळ भिंत तोफेला आयतं लक्ष्य देते. म्हणून युरोपात भिंती बसक्या आणि जाड झाल्या, कोपऱ्यांना बाणाच्या टोकासारखे बुरूज आले. एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी गोळी टाकता यायला हवी, कुठेही आंधळा कोपरा राहता कामा नये, एवढंच ते गणित. वसईचा किल्ला पाहिला असेल तर कोनदार बुरूज तुमच्या ओळखीचे आहेत. पोर्तुगीजांनी तीच विद्या तिथे वापरली होती. टायकॉन्डेरोगाला असे चार बुरूज आहेत, आणि दोन बाजूंना तटाबाहेर खंदकात उभे केलेले त्रिकोणी आडबुरूज.

तो लहानही आहे. आतल्या चौकात उभे राहिलात की चारही बाजू एका नजरेत येतात. लहानपणाबद्दल त्या काळच्या फ्रेंच अधिकाऱ्यांनीही नाकं मुरडली होती, शिवाय आतल्या बराकी तटाच्या वर डोकं काढतात ही तक्रार होतीच.

४. त्या वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? मुलांना काळाचा अंदाज येत नाही.

हा प्रश्न मला फार आवडतो. ओंडके रचले जात होते तेव्हा, फेब्रुवारी १७५६ मध्ये, इकडे विजयदुर्ग वॉटसन आणि क्लाइव्हच्या तोफांपुढे पडत होता. १७५८ च्या उन्हाळ्यात इथे मोठी लढाई झाली, त्याच वर्षी मराठी फौजा अटकेला पोचल्या होत्या. आणि १० मे १७७५ ला अमेरिकन बंडखोरांनी हा किल्ला घेतला, त्यानंतर आठच दिवसांनी, १८ मे १७७५ ला, गुजरातेत अडासला हरिपंत फडके इंग्रजांच्या कर्नल कीटिंगशी लढत होते. शत्रू एकच, दोन टोकांना.

आणखी एक धागा. १७७७ मध्ये हा किल्ला परत घेणारा जनरल जॉन बर्गॉइन चार-पाच वर्षांपूर्वी ब्रिटिश संसदेत ईस्ट इंडिया कंपनीच्या चौकशी समितीचा प्रमुख होता आणि क्लाइव्हवर तुटून पडला होता.

५. हा किल्ला अजिंक्य होता असं वाचलं. खरं का?

नाव तसं होतं खरं. प्रत्यक्षात तो तीनदा पडला आणि तिन्ही वेळा तटाला खिंडार न पडता.

८ जुलै १७५८ ची जी लढाई गाजली, तीसुद्धा किल्ल्याच्या आत झालीच नाही. इंग्रजांच्या जनरल ॲबरक्रॉम्बीकडे सुमारे १६ हजार माणसं होती, फ्रेंच सेनापती माँकामकडे सुमारे ३,६००. माँकामने किल्ल्यावर भरवसा न ठेवता बाहेरच्या उंचवट्यावर ओंडक्यांची आडभिंत घातली आणि तिच्यापुढे झाडं तोडून, फांद्या टोकदार करून, शत्रूच्या दिशेने आडवी पसरली. ॲबरक्रॉम्बीने तोफा मागे जॉर्ज सरोवराच्या काठीच ठेवल्या आणि पायदळाला त्या फांद्यांत घुसायला सांगितलं. पुन्हा पुन्हा. संध्याकाळपर्यंत सुमारे दोन हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. 'ब्लॅक वॉच' या स्कॉटिश पलटणीची निम्म्याहून जास्त माणसं एका दुपारीत गेली. अस्ताव्यस्त पडलेल्या फांद्यांपुढे सोळा हजारांचं काही चाललं नाही. किल्ल्यापासून चालत त्या जागी जाता येतं. मातीचे उंचवटे अजून दिसतात, मात्र त्यांतले बरेचसे नंतरच्या फौजांनी पुन्हा उपसलेले आहेत.

पुढच्याच वर्षी इंग्रज सेनापती ॲमहर्स्ट तोफा घेऊन आला. मागे ठेवलेल्या चारेकशे फ्रेंचांनी काही दिवस तग धरला, २६ जुलैच्या रात्री दारूकोठाराला बत्ती दिली आणि ते निघून गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेसाठी प्रश्न ६ आणि ८ पाहा.

अपवाद एकच. सप्टेंबर १७७७ मध्ये कर्नल जॉन ब्राउनच्या अमेरिकन तुकडीने समोरचा डोंगर घेतला, शेकडो कैदी पकडले, काही दिवस किल्ल्यावर तोफा डागल्या. त्या वेळी मात्र आतली शिबंदी हलली नाही. ब्राउन परत गेला.

६. १७७५ मध्ये एकही माणूस न मरता किल्ला कसा घेतला?

आत इंग्रजांची पन्नासच्या आसपास माणसं, तट पडके, आणि मॅसेच्युसेट्समध्ये युद्ध पेटल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. बाहेरून ईथन ॲलन आणि बेनेडिक्ट आर्नोल्ड या अमेरिकन बंडखोरांबरोबर पहाटे सरोवर ओलांडून आलेली ८३ माणसं. होड्या पुरेशा नव्हत्या, बाकीचे पलीकडेच राहिले. पहारेकऱ्याने बंदूक रोखली, पण ती उडलीच नाही. जिन्यावर लेफ्टनंट फेल्टम विजार हातात धरून उभा राहिला आणि प्रश्न विचारून वेळ काढू लागला, तोवर किल्लेदार कॅप्टन डेलाप्लास आत कपडे चढवत होता. ॲलनने पुढे लिहिलं की आपण परमेश्वराच्या आणि काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधिसभेच्या) नावाने किल्ला मागितला. तिथे हजर असलेल्या इतरांच्या आठवणीत त्याचे शब्द बरेच कमी धार्मिक आहेत.

यानंतर विजयी वीरांनी डेलाप्लासची नव्वद गॅलन रम संपवली. ॲलनने तिची पावतीही दिली.

७. मग तोफा बोस्टनला नेल्या, ती गोष्ट खरी की दंतकथा?

खरी. हेन्री नॉक्स हा बोस्टनचा पुस्तकविक्रेता, वय २५, तोफांचं ज्ञान मुख्यतः दुकानातल्या पुस्तकांतून आलेलं. डिसेंबर १७७५ मध्ये त्याने, बोस्टनमधल्या इंग्रजांना वेढा घालून बसलेल्या बंडखोर फौजेसाठी, टायकॉन्डेरोगा आणि शेजारच्या क्राउन पॉइंटच्या तोफांतून ५९ निवडल्या, एकूण वजन सुमारे ६० टन. पाणी गोठायच्या आत होड्यांतून जॉर्ज सरोवर पार केलं, मग बैल आणि घोडे जुंपलेल्या घसरगाड्या. बर्फ पडेना म्हणून काळजी, पडला तर जास्त पडला म्हणून काळजी. आमच्या ऑल्बनीजवळ नदीवरचा बर्फ फुटून एक तोफ बुडाली. गावकऱ्यांनी ती बाहेर काढायला मदत केली, म्हणून नॉक्सने तिचं नाव 'ऑल्बनी' ठेवलं. जानेवारीअखेर तोफा बोस्टनजवळ पोचल्या, मार्चच्या सुरुवातीला डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या आणि १७ मार्च १७७६ ला इंग्रजांनी बोस्टन सोडलं.

त्या वाटेवर १९२० च्या दशकात दगडी खुणा बसवल्या आहेत. गाडीतून जाताना दिसतात. एकदा दिसायला लागल्या की मग सगळीकडे दिसतात.

८. आर्नोल्ड, नॉक्स सगळे शूर, मग १७७७ मध्ये न लढता किल्ला का सोडला?

नैर्ऋत्येला एक डोंगर आहे, आज त्याला माउंट डिफायन्स म्हणतात. उंची अडीचशे मीटरच्या वर, आणि तिथून किल्ला तोफेच्या टप्प्यात. जॉन ट्रम्बुल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (हाच पुढे प्रसिद्ध चित्रकार झाला) आदल्या वर्षी गोळा डागून ते दाखवलंही होतं. वरिष्ठांचं म्हणणं, तिथे तोफ चढणारच नाही. रायगडासमोरचा पोटल्याचा डोंगर आठवा, १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथूनच तोफा डागल्या. इथे इंग्रज जनरल बर्गॉइनच्या माणसांनी ५ जुलैला वर तोफा ओढल्या. किल्ल्यातला अमेरिकन सेनापती सेंट क्लेअरने वर हालचाल पाहिली आणि त्याच रात्री किल्ला रिकामा केला. त्याच्यावर लष्करी खटला चालला, तो निर्दोष सुटला. माझ्या मते त्याने योग्य केलं. वाचलेली माणसं पुढे कामी आली आणि ऑक्टोबरमध्ये साराटोगाला बर्गॉइनच शरण आला.

डोंगरावर आता गाडीरस्ता आहे. आधी वर जा, मग किल्ला बघा. उलट केलंत तर अर्धी मजा गेली.

९. इतका महत्त्वाचा किल्ला, मग भग्न कसा झाला? तोफांनी?

तोफांनी नाही. शेजाऱ्यांनी. नोव्हेंबर १७७७ मध्ये इंग्रजांनी जाळपोळ करून किल्ला सोडला, १७८१ नंतर तो ओस पडला. आजूबाजूला वस्ती वाढत होती. घडवलेले दगड, तुळया, खिडक्यांच्या चौकटी, सगळं फुकट. लोकांनी गाड्या भरभरून नेलं. त्यांना नावं ठेवायची असतील तर आधी आपल्या किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांतले चौथरे बघून या.

१७८५ मध्ये जागा न्यूयॉर्क राज्याकडे आली. राज्याने ती १८०३ मध्ये कोलंबिया आणि युनियन या दोन महाविद्यालयांना दिली आणि त्यांनी १८२० मध्ये विल्यम फेरिस पेल या व्यापाऱ्याला विकली. पेलने अवशेषांभोवती कुंपण घातलं आणि दगड नेणं थांबवलं. कुंपण म्हणजे काही फार मोठं काम नव्हे, पण जे उरलं ते त्यामुळे उरलं. १८२६ मध्ये त्याने खाली सरोवराकाठी पॅव्हिलियन नावाचं घर बांधलं. पुढे त्याचं हॉटेल झालं आणि लोक भग्न तट बघायला बोटीने येऊ लागले.

१०. स्पष्ट सांगा: आज दिसतो तो किल्ला खरा की नवा?

दोन्ही. पाया, तटांचे खालचे भाग आणि बराकींच्या काही भिंती अठराव्या शतकातल्या. वरचं बरंच काम विसाव्या शतकातलं. विल्यम पेलचा (प्रश्न ९) पणतू स्टीफन पेल आणि त्याची पत्नी सारा यांनी अल्फ्रेड बॉसम या इंग्लंडहून आलेल्या वास्तुविशारदाला घेऊन १९०८-०९ मध्ये काम सुरू केलं. पैसा मुख्यतः साराच्या वडिलांचा. ६ जुलै १९०९ ला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत किल्ला खुला झाला, तेव्हा पश्चिमेकडच्या बराकीचंच काम बरंचसं झालं होतं. बाकीचं पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं. १७५९ च्या स्फोटात उडालेलं कोठार तर २००८ मध्ये उभं राहिलं. बाहेरून जुन्यासारखं, आत वर्ग आणि सभागृह.

याची किंमत मोजावी लागली. १९०९ च्या सुमारास मजुरांनी मलबा उपसला, तेव्हा कोणती वस्तू कुठल्या थरात सापडली याची आजच्यासारखी नोंद ठेवायची पद्धत नव्हती. वस्तू संग्रहालयात गेल्या, थर गेले ते गेले. दुसरीकडे, पेल कुटुंबाने हात घातला नसता तर आज एक झुडपांनी भरलेली टेकडी असती. मला विचाराल तर मी १९०९ च्या कामाला माफ करतो, मात्र मार्गदर्शकाने 'हे जुनं, हे नवं' असं दाखवलं पाहिजे. विचारा, ते सांगतात. प्रत्येक भिंतीपाशी विचारा.

११. तोफा तरी त्याच आहेत ना?

काळ तोच, जागा बहुतेक वेगळी. इथल्या तोफा नॉक्स घेऊन गेला (प्रश्न ७). तटावर आज ज्या रांगेने दिसतात त्या स्टीफन पेलने जगभरातून जमवल्या. त्यांत ब्रिटिश सरकारने दिलेल्या १४ तोफा आहेत: अमेरिकेच्या लढाईसाठीच ओतलेल्या, पण पाठवायच्या आत युद्ध संपलं. दीडशे वर्षं उशिरा का होईना, माल पोचला.

जवळ जाऊन कांशाच्या तोफांची नक्षी बघा. उचलायचे कान माशांच्या आकाराचे घडवलेले असतात, त्यांना डॉल्फिनच म्हणतात. बारकाईने पाहिलंत तर काहींवर ओतणाऱ्याचं नाव आणि वर्षही सापडेल.

१२. सरकारी नाही म्हणता, मग तिकिटाचे पैसे जातात कुठे?

किल्ला एका ना-नफा संस्थेचा आहे. पेल कुटुंबाने १९३१ मध्ये ती स्थापली. नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही, दरवर्षी कुणीतरी दारात हुज्जत घालतं. १९६० पासून 'राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ' हा दर्जा आहे, पण दर्जा मिळाला म्हणजे मालकी सरकारकडे गेली असं नव्हे. खर्च तिकिटांवर, देणग्यांवर आणि अनुदानांवर चालतो. एकेका मोठ्या देणगीदारावर विसंबलं की काय होतं ते संस्थेने २००८ च्या सुमारास अनुभवलं. तेव्हा संग्रहातलं एक चित्र विकायचा विचार करण्यापर्यंत वेळ आली होती.

पैसे कुठे जातात ते तिथे डोळ्यांसमोर दिसतं. दर हंगामात एक ठरावीक वर्ष निवडतात आणि कर्मचारी त्या वर्षाच्या शिबंदीसारखे राहतात. कपडे हाताने शिवतात, जोडे बांधतात, बैल जुंपतात. शिंप्यापाशी दहा मिनिटं बसा. साध्या कोटाच्या एका काजाला किती टाके लागतात ते मोजता येतं. हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर, हिवाळ्यात काही ठरावीक दिवसच. निघण्याआधी तारखा बघा.

१३. क्राउन पॉइंटपण जवळच आहे. दोन्ही बघावेत का? तिथे तर नुसते पडके दगड आहेत म्हणे.

दोन्ही बघा, आणि पडके दगड आहेत म्हणूनच. टायकॉन्डेरोगाच्या उत्तरेला गाडीने अर्ध्या तासावर. १७५९ मध्ये ॲमहर्स्टने तिथे इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या किल्ल्यांपैकी एक बांधायला घेतला. एप्रिल १७७३ मध्ये एका धुराड्यातून आग लागली, ओंडक्यांचे तट पेटले, दारूकोठार उडालं. शत्रू मैलोगणती दूर होता. १९१० मध्ये जागा राज्याकडे आली. तिथलं धोरण असं की जे उभं आहे ते पडू द्यायचं नाही आणि जे नाही ते बांधायचं नाही.

दोन दगडी बराकी बिनछपराच्या उभ्या आहेत. आत शिरून वर बघा: मधला मजला नाही, पण वरच्या मजल्याची शेकोटी भिंतीत तशीच, अधांतरी. खाली गवत. मला टायकॉन्डेरोगात माहिती मिळते आणि क्राउन पॉइंटला १७७३ दिसतं. पाच-सहा वर्षांची मुलं बरोबर असतील तर मात्र टायकॉन्डेरोगाच; क्राउन पॉइंटला ती दहा मिनिटांत कंटाळतील.

१४. माउंट इंडिपेंडन्सला गेलो, काहीच नव्हतं. चुकीच्या जागी गेलो का?

नाही, तेच. सरोवराच्या पलीकडे, व्हरमाँटमध्ये. १७७६ मध्ये अमेरिकनांनी तिथे मोठी छावणी वसवली, २८ जुलैला सैनिकांसमोर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला आणि डोंगराला नाव मिळालं. हजारो माणसं, बराकी, इस्पितळ, दोन्ही काठ जोडणारा पूल. आता झाडी आणि पायवाटा. पाट्या वाचत हळू चाललात तर पायांजवळ चुलींचे आणि जोत्यांचे दगड ओळखू येतात. प्रश्न १० मध्ये जे थर गेले म्हटलं, ते इथे बरेचसे जमिनीत शाबूत आहेत, कारण कुणी किल्ला 'सुंदर' करायला आलंच नाही. पुरातत्त्ववाल्यांना ही जागा तिन्हींत सर्वांत मोलाची वाटत असेल तर नवल नाही. छोटं संग्रहालय आहे, ते आधी बघा, मग चाला.

१५. हा जागतिक वारसा आहे का, आपल्या किल्ल्यांसारखा?

नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले आहेत, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. टायकॉन्डेरोगाला अमेरिकेचा राष्ट्रीय दर्जा आहे, प्रश्न १२ पाहा.

१६. मूळ रहिवाशांचा या गोष्टीत पत्ताच नाही. असं कसं?

तक्रार रास्त आहे. जमीन मोहॉक, अबेनाकी आणि महिकन लोकांच्या वहिवाटीची. १६०९ मध्ये फ्रेंच शोधक शॅम्प्लेन (सरोवराला नाव त्याचंच) याच परिसरात आपल्या मूळनिवासी मित्रांच्या बाजूने मोहॉकांशी लढला, बंदूक चालवली, आणि ते वैर पुढे शतकभर पुरलं. १७५७ मध्ये माँकाम इथून जॉर्ज सरोवराच्या दक्षिण टोकाच्या फोर्ट विल्यम हेन्री या इंग्रजांच्या किल्ल्यावर चालून गेला तेव्हा त्याच्याबरोबर पंचमहासरोवरांपर्यंतच्या जमातींचे जवळजवळ दोन हजार योद्धे होते. परत जाताना त्यांच्यातले अनेक जण देवीची साथ घेऊन गेले. पुढच्या वर्षीच्या लढाईला त्यांतले फार थोडे आले, त्याचं हे एक कारण.

१७. काका, भूत आहे का तिथे? मुलगी विचारतेय.

मुलीला सांगा, भुताने किल्ल्याचं फक्त नाव सांगितलं होतं. ब्लॅक वॉचचा मेजर डंकन कॅम्पबेल, इन्व्हरॉचा जहागीरदार. कथा अशी की त्याने नकळत आपल्याच भावाच्या खुन्याला आसरा दिला. मेलेला भाऊ स्वप्नात आला आणि म्हणाला, आता आपली भेट टायकॉन्डेरोगाला. कॅम्पबेलने हे नाव कधी ऐकलेलंच नव्हतं. वर्षांनंतर पलटण इथे आली. स्वप्न खरं-खोटं कुणी ठरवावं, पण मेजर खरा: ८ जुलै १७५८ ला जखमी झाला, नऊ दिवसांनी वारला.

१८. मुलाला पायवाटेवर खापराचा तुकडा सापडला. ठेवून घेतला तर चालेल का?

नाही. मेटल डिटेक्टर तर गाडीतूनही काढू नका. तुकडा असेल तिथेच राहू द्या, मोबाइलवर आजूबाजूच्या खुणांसकट फोटो घ्या आणि कर्मचाऱ्याला जागा दाखवा. तुकडा उचलून नेऊन दाखवलात तर त्यांचा चेहरा उतरतो, कारण कुठे सापडला हे कळलं तरच त्याचा उपयोग. आधीच उचलला असेल तर लपवू नका. जिथून उचलला ती जागा मुलालाच दाखवायला सांगा. मुलांना ती बरोबर आठवते.